झाकण उघडलं की थांबतं

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. नेरूळला आमच्या इमारतीत सोळा फ्लॅट, आणि चुली पेटायच्या त्या फक्त चार घरांत. मी दिघ्याकडच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो, लग्न केलेलं नव्हतं. वडील गेल्यावर आई गावी दादाकडे न राहता माझ्याकडे आली. याचा मला गर्व होता. तो कबूल करून मगच पुढचं सांगतो.

कारखान्यातला एक जण गाव सोडून निघाला तेव्हा त्याचं दोन टबांचं वॉशिंग मशीन मी घेतलं. डावीकडे कपडे धुवायचा टब, उजवीकडे ओले कपडे गरगर फिरवून पाणी काढणारा ड्रायर. आई त्याला घाबरायची. म्हणून मी तिला समोर उभं करून दाखवलं.

"हे बघ आई. झाकण उघडलं की थांबतं. आपोआप."

पाच-सहा वेळा उघडून दाखवलं. प्रत्येक वेळी आतलं भांडं जागच्या जागी थांबलं. आई हसली. "गुणी आहे हो. सांगितल्याबरोबर थांबतंय. तू कधी थांबला नाहीस."

पुढे तीच सगळ्यांना दाखवू लागली. सारसोळ्याहून एक कोळीण दारावर मासे घेऊन यायची, तिलाही आत नेऊन दाखवलं. ती म्हणाली, "आये, तुजा पोर येडा हाय. कपडे वालवाया मशीन? वारा काय मेला हाय?" दोघी कितीतरी वेळ हसत होत्या.

एका पावसाळ्यात ड्रायर बंद पडला. वाशीचा मेकॅनिक नेरूळला यायला तयार नव्हता. मी स्वतःच मागचा पत्रा काढला. झाकणाखाली एक छोटा स्विच असतो. झाकण लागलेलं असलं तरच तो वीज पुढे सोडतो. खाडीच्या हवेनं त्याच्या तांब्याच्या पट्ट्या हिरव्या पडल्या होत्या. कानशीनं घासायला गेलो तर एक तुटलीच. नवा स्विच मुंबईहून आणायला हवा होता. मी दोन वायरी सरळ एकमेकींना जोडल्या, वर टेप गुंडाळली. ड्रायर फिरला. पण आता झाकण उघडलं तरी मोटर फिरायचा जोर करायची, आणि झाकणाला बांधलेला ब्रेक तिला धरून ठेवायचा. जळका वास आला. तेव्हा ब्रेकची तारही मी आकड्यातून काढून ठेवली. आता झाकण उघडलं तरी ड्रायर फिरतच राहायचा.

मी ड्राफ्ट्समन. काय केलं ते मला नीट कळत होतं. तात्पुरतं आहे, असं मनाशी म्हटलं, एवढंच.

"झालं?" आईनं विचारलं. "अगदी पहिल्यासारखं?"

"पहिल्यासारखं."

"माझा लेक नुसत्या रेघा नाही मारत हो," ती म्हणाली. त्या कौतुकावर 'पण जरा थांब, झाकण उघडून हात घालू नकोस' असं म्हणणं मला जड गेलं. म्हटलं असतं तर दुरुस्ती अर्धीच झाली आहे हे तिला कळलं असतं.

तिसऱ्या दिवशी, रविवारी, मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होतो. आई ओरडली नाही. तिनं मला फक्त हाक मारली, जरा मोठ्यानं. झाकण उघडून तिनं रोजच्यासारखा हात घातला होता. फिरत्या लुगड्याचा पीळ मनगटाभोवती बसला होता. हाड दोन ठिकाणी मोडलं. उजव्या हाताची दोन बोटं पुढे कधी मिटली नाहीत.

दादा येईपर्यंत दोन दिवस गेले. ज्या स्विचसाठी मला वेळ नव्हता तो दुसऱ्याच दिवशी मी मुंबईला जाऊन आणला. तासाभरात बसवला. ब्रेकची तार आकड्यात अडकवली. टेप कचऱ्यात टाकली, वर चहाचा चोथा टाकला.

दादानं आल्याआल्या मशीन चालू करून झाकण उघडलं. ड्रायर जागच्या जागी थांबला.

"थांबतंय की! आई, तुला जरा म्हणून दम निघत नाही."

मी म्हणालो, "मी तिला सांगितलं होतं, पूर्ण थांबल्याशिवाय हात घालू नको."

मी असं कधीच सांगितलं नव्हतं. मी नेमकं उलटं शिकवलं होतं.

आईनं माझ्याकडे पाहिलं. प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन ती बसली होती. मग दादाला म्हणाली, "हो, सांगितलं होतं त्यानं. माझीच घाई."

दादा तिला गावी घेऊन गेला. कोळीण काही दिवस विचारत राहिली, "आय कवा येनार?" मग दार वाजवायची थांबली, एकट्यापुरते मासे ते किती घेणार मी. मशीन मी वापरत राहिलो. एका माणसाचे कपडे ड्रायरला पुरत नाहीत, वजन एका बाजूला पडतं आणि सगळं मशीन धडधडतं. आईचं एक जुनं लुगडं मागे राहिलं होतं. तोल सांभाळायला मी दर वेळी ते भिजवून आत घालायचो, आणि सुकलं की पुन्हा घडी करून ठेवायचो.

गावी गेलो की सांगायचं ठरवून जायचो. ती डाव्या हातानं भात वाढायची आणि विचारायची, "आता थांबतं ना रे ते? तुझा हात सांभाळ." मी मान हलवायचो. पुढे जेवत राहायचो.

ती गेली त्यालाही वर्षं झाली. तिच्या श्राद्धाला जेवणं झाली की दादा अजून ही गोष्ट सांगतो. "आमची आई म्हणजे घाईची," म्हणतो, आणि सगळे मायेनं हसतात. मीही हसत आलो.

दादा, हे तू वाचशीलच. तू झाकण उघडून पाहिलंस तो स्विच आदल्या दिवशी बसवलेला होता. आई घाईची नव्हती.