टपालपेटीला शिंगांचा रंग

निलंग्याच्या पलीकडं एका गावात टपाल कचेरी म्हणजे रत्नम्माच्या घराची ओसरी. एक टेबल, एक शिक्का आणि दाराशी टांगलेली लाल पेटी. लातूर जिल्हा वेगळा झाला त्या वर्षी सायकलवरून टपाल वाटणारा तिचा नवरा वारला आणि त्याची ही नोकरी तिच्याकडं आली. तेव्हापासून कैक दुपारी ती इथं डुलक्या घेत बसली. ऊन ओसरीवर चढायचं, उतरायचं, आणि अर्धवट झोपेत तिला वाटायचं, पेटीतली पत्रं हळू आवाजात एकमेकांची विचारपूस करतायत. पुढं घरोघर मोबाईल आले आणि पेटी गप्प झाली.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात कचेरी बंद करायचा हुकूम निघाला. त्याच आठवड्यात मल्लिकार्जुन नावाचा फोटोवाला येणार होता. खेड्यांतल्या मोडकळीला आलेल्या कचेऱ्यांचे फोटो काढत तो हिंडायचा. म्हातारीनं मनाशी एकच धरलं: आपली कचेरी भणंग दिसता कामा नये.

बैलं चारा छावणीत गेलेली, गेला पोळा कोरडाच झालेला. शिंगांसाठी आणलेला लाल रंग डब्यात तसाच होता, तो तिनं पेटीला फासला. सुनेनं कितीही आरडाओरडा केला तरी टँकरच्या पाण्याची एक घागर ओसरी धुण्यात ओतली. पेटी खिळ्यावरून काढून पाटावर, भिंतीला टेकवून बसवली. वर भस्माची तीन बोटं ओढली, कण्हेरीचा हार घातला.

मल्लिकार्जुन आला आणि त्यानं कपाळाला हात लावला.

"अव्वा, हे काय करून बसलीस? मला गंज पायजे होता, जाळीजळमटं पायजे होती. हे तर लग्नघर झालं!"

"लग्नघर न्हाई रे लेकरा."

"मग काय? लोक म्हणतील, कचेरी झकास चाललीय. खोटं दिसतंय सगळं."

रत्नम्माला राग आला, आणि राग आला की ती कुणाच्या बापाला भीत नसे.

"तू बी आपल्या लिंगायतातलाच ना? आपल्यात माणूस गेलं, तर पडलंय तसंच लोकांफुडं ठेवतात का? अंघोळ घालतात, भस्म लावतात, हार घालून ताठ बसवतात. मग समदे दर्शनाला येतात. म्या दुसरं काय केलं?"

मल्लिकार्जुननं भस्माच्या बोटांकडं पाहिलं. मग चपला काढून ओसरीवर आला आणि म्हणाला, "चुकलं अव्वा. तू बी बस शेजारी."

बाहेर रस्त्यावर उन्हाच्या झळा हलत होत्या. त्या पाण्यासारख्या दिसत होत्या, आणि त्या पाण्यातून कुणीतरी सायकल ढकलत येतंय असं रत्नम्माला क्षणभर वाटलं.

"मालक गेले तवा निलंग्याहून फोटोवाला बोलावला होता," ती म्हणाली. "त्याची एसटी चुकली. तो यायच्या आत त्यास्नी नेलं. घरात त्यांचा एक बी फोटो न्हाई."

तिनं पदर सारखा केला आणि पेटीच्या अगदी जवळ न बसता, मधे एका माणसाची जागा सोडून ती टेकली.

"आता काढ," ती म्हणाली.