बँडची चौथी रेकॉर्ड

मी एकाच बँडच्या जुन्या रेकॉर्डी जमवतो असं सांगितलं की समोरचा माणूस माझ्याकडे जरा आदरानं बघतो. त्याच्या डोळ्यांपुढं गिटारी, लांब केस, परदेश असं काहीतरी येत असावं. मग मी खुलासा करतो, की हा बँड आपल्या संभाजीनगरचाच, लग्नात वाजवणारा, लाल कोटाचा. आदर तिथंच संपतो. "म्हणजे वरातीचा?" हो, वरातीचा. नवरदेव घोड्यावर बसून मारुतीला निघाला की पुढं चालणारा. पन्नासेक वर्षांपूर्वी या मंडळींनी मुंबईला जाऊन चार छोट्या रेकॉर्डी काढल्या होत्या. त्यातल्या तीन माझ्याकडे होत्या. चौथीसाठी मी काही वर्षं वणवण केली.

पहिली छावणीच्या आठवडी बाजारात मिळाली, नळाच्या जुन्या तोट्यांच्या ढिगाखाली. दुसरी एका मामेभावानं "तुझ्याच कामाची अडगळ आहे" म्हणून दिली. तिसरी बिडकीनला होती, एका स्वयंपाकघरात, पाण्याच्या माठावर. मधल्या भोकात कापडाचा बोळा कोंबून घरच्या बाईंनी तिचं झाकण केलं होतं. मी रेकॉर्ड मागितली तर त्या म्हणाल्या, "मग माठावर काय तुमचं डोकं ठिवू?" मी बाजारात जाऊन स्टीलची ताटली आणली. त्यांनी ती माठावर ठेवून पाहिली, लहान निघाली. परत गेलो, मोठी आणली. तेव्हा कुठं रेकॉर्ड हातात पडली. ती पुसून घरी लावली तर चक्क वाजली.

वाजली म्हणजे काय, तिनं रडवलं. तिन्ही रेकॉर्डींत तेच. क्लॅरिनेट अशी कण्हायची, ढोल असा जड पावलांनी मागून यायचा, की मला रुमाल शोधावा लागायचा. मला वाटायचं, मुलीच्या पाठवणीचं दुःख या लोकांनी सुरांत काय धरलंय! वाचनालयातल्या मंडळींपुढं मी 'वरातीतलं कारुण्य' या विषयावर पाऊण तास बोललो, मधूनमधून रेकॉर्डीही ऐकवल्या. दोघीतिघी डोळे पुसत होत्या. बायको शेवटच्या रांगेत होती. घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "आपल्या लग्नात हाच बँड होता. तुमचे मामा तर फेटा सुटेपर्यंत नाचले होते." हिला कलेतलं काय कळतं, असं मला वाटलं. अर्थात मनातल्या मनात.

मग कळलं, की त्या बँडात कॉर्नेट, म्हणजे छोटा पितळी कर्णा, वाजवणारे आजोबा उस्मानपुऱ्यात मुलाकडे राहतात आणि चौथी रेकॉर्ड त्यांच्याकडे आहे. मी लगोलग गेलो. ऐंशीच्या घरातला काटक माणूस, धोतर आणि बंडी. उशीच्या जुन्या अभ्र्यात गुंडाळलेली रेकॉर्ड त्यांनी कपाटातून काढली, पण माझ्या हातात दिली नाही.

"घिऊन जा," ते म्हणाले, "पन एक काम करावं लागंल. हिच्यात शेवटाला एक चूक हाय. क्लॅरिनेटवाला म्हनला, कॉर्नेट आधी घुसला. मी म्हनलो, तुझी क्लॅरिनेटच लांबली. मुंबईहून येताना रेल्वेत भांडण झालं ते झालं. पन्नास वर्षं आमी बोललो नाय. इथंच दोन गल्ल्या सोडून ऱ्हातो तो. त्याचं दार वाटेत लागू नये म्हनून मी दळण आणायला मोठा वळसा घालून जातो. तुमी जाणकार दिसता. ऐका आन सांगा, चूक कोनाची."

"तुम्ही स्वतः कधी ऐकली नाही?"

"घरी मशीन कुठं होतं?" मग अभ्रा सारखा करत म्हणाले, "आन पुढं कुनी दिलं असतं तरी मुद्दाम नाय ऐकली."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझा रेकॉर्ड प्लेयर घेऊन हजर. आपली जाण दाखवावी म्हणून आधी माझी बिडकीनची रेकॉर्ड लावली आणि डोळे मिटून मान हलवू लागलो. डोळे उघडले तर आजोबांचा चेहरा उतरलेला.

"हे काय हाय?"

"तुमचाच बँड."

"आमचा? भाऊ, मयतीला सुदिक आमी याच्याहून जोरात वाजवायचो!"

त्यांनी वाकून मशीन न्याहाळलं. "ही छोटी रेकॉर्ड हाय. छोटी जोरात फिरवायची असती, मोठी हळू, मुंबईला रेकॉर्डवाल्यानं दाखवलं होतं. तुमी खटका मोठ्या रेकॉर्डीवर ठिवलाय." आणि बोटानं खटका सरकवला. खोलीत एकदम वरात शिरली. स्वयंपाकघरात त्यांची सून लाटण्यानं पोळपाटावर ताल धरू लागली. माझं कारुण्य अर्ध्या मिनिटात साफ झालं. वाचनालयात डोळे पुसणाऱ्या त्या बायका मला आठवल्या आणि कान तापले.

मग चौथी लावली, खटका जिथल्या तिथं. शेवट असा भर्रकन निघून गेला की मला काहीच कळलं नाही.

"ऐकलं? लांबली का नाय क्लॅरिनेट?"

"पुन्हा एकदा लावू या," मी म्हणालो. असं सात-आठ वेळा झालं. दरवेळी शेवट जवळ आला की आजोबा पुढं सरकून बसायचे आणि मग माझ्या तोंडाकडे बघायचे. 'हो, क्लॅरिनेटच लांबली' एवढं म्हटलं असतं तर काम फत्ते होतं. खोटं बोलणं अगदी जिभेवर आलं होतं. पण त्या माणसानं पन्नास वर्षं वाट पाहिली होती, माझी जीभ काही उचलेना.

"हळू लावून बघायची का?" मी विचारलं.

खटका त्यांनी स्वतःच मागं ओढला.

मला संगीतातलं काही कळत नाही हे नुकतंच सिद्ध झालं होतं, पण या वेळी बहिऱ्यालाही कळलं असतं. क्लॅरिनेट आपल्या जागेवर, शांतपणे आपली ओळ संपवत होती. तिचे दोन ठोके अजून शिल्लक होते, आणि कॉर्नेट मधेच घुसला. आजोबांनी सुई उचलली. कितीतरी वेळ ते धोतराला हात पुसत बसले.

"च्यायला," ते म्हणाले. आणि मग, "उचला मशीन. त्याच्याकडं जायचं."

दोन गल्ल्या आम्ही चालत गेलो, मी मशीन पोटाशी धरून, ते अभ्रा छातीशी धरून. वळसा न घेता सरळ. दारात त्या घरची सून भेटली. "मामंजींना ऐकू येत नाय आता," ती म्हणाली, "जोरात बोला."

क्लॅरिनेटवाले आजोबा ओट्यावर खुर्ची टाकून पेपर वाचत होते. आमच्या आजोबांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग मशीनकडे. आता त्या मशीनचा काय उपयोग, हे आम्हा दोघांनाही कळलं. ते परत फिरतील असं मला वाटलं. पण ते ओट्यापुढं उभे राहिले आणि कॉर्नेट फुंकायला घ्यावा तसा छातीभर श्वास घेऊन ओरडले, "चूक माझी होती!"

समोरच्या घराची खिडकी उघडली. क्लॅरिनेटवाल्यांनी पेपर खाली केला, कानामागं हात धरला. "काय?"

"रेकॉर्डीतली! मीच आधी घुसलो!"

"आं?"

एक स्कूटरवाला थांबून बघायला लागला. आजोबांच्या मानेची शीर फुगली होती, डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही होतं, लपवत नाही. "माझी चूक होती रे!" ते तिसऱ्यांदा ओरडले. "तुझी क्लॅरिनेट बरोबर होती!" आता गल्लीत हे ऐकलं नाही असं कुणी उरलं नव्हतं.

क्लॅरिनेटवाल्यांनी मान डोलावली आणि पेपर पुन्हा तोंडापुढं धरला. सुनेनं आतून हळूच विचारलं, मला जेमतेम ऐकू आलं, "पावण्यांच्या च्यात साखर किती टाकू?"

"त्याला तीन चमचे टाक," पेपरामागून लगेच उत्तर आलं. "कमी झाली की तोंड वाकडं करतो."