तांदळाएवढा टाका

आमच्या आष्ट्यात माणसं एकमेकांना चेहऱ्यावरून ओळखतात; शेजारच्या चाची मात्र अख्खं गाव कापडावरून ओळखतात. मला त्यांनी कधी नावानं हाक मारली नाही. मी ‘पिवळ्या फुलांच्या फ्रॉकवाली’. तो फ्रॉक मी दुसरीत असताना त्यांच्या वाकळीत, म्हणजे गोधडीत, गेला. चाचांचं शिवणाचं दुकान, त्यामुळे घरात चिंध्यांचा तोटा नाही; तरी चाचींचं लक्ष कायम लोकांच्या अंगावरच्या कापडावर. ताईला बघायला पाहुणे आले, तेव्हा पाणी देता देता त्यांनी नवऱ्या मुलाची बाही चिमटीत धरून पाहिली आणि म्हणाल्या, “बाबा, लगीन जमू दे न्हाईतर न जमू दे, ह्यो शर्ट विटला की मला धाडून दे.” लग्न जमलं. पुढं शर्टही आला.

दुपारची जेवणं उरकली की गल्लीतल्या बायका त्यांच्या घराच्या पुढच्या सोप्यात जमतात. मधे वाकळ पसरलेली, चारी बाजूंनी सुया, आणि हसण्याला धरबंध नाही. चाचींचा कायदा एकच: टाका तांदळाएवढा हवा. जरा लांब पडला की, “ह्यो टाका हाय का बैलगाडीची वाट?” म्हणून त्या उसवणार. माझ्या आईची एक ओळ त्यांनी तीनदा उसवली. आई घरी येऊन धुसफुसली आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी जाऊन बसली.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. मला साताऱ्यात नोकरी लागली तेव्हा चाचींनी जाहीर केलं, “पोरीची वाकळ आमी करनार!” पण तोवर त्यांची नजर मंद झाली होती. ओळ वाकडी जायची. हे त्यांना कळलं तर त्या सुई खाली ठेवतील आणि सोपा ओस पडेल, ही सगळ्यांना धास्ती. म्हणून त्या नमाजाला आत गेल्या की बायका त्यांचे टाके गुपचूप उसवून नव्यानं घालत.

शेवटच्या दिवशी एक ओळ बायकांच्या नजरेतून सुटली. चाचींनी सवयीनं वाकळीवर बोट फिरवलं आणि ते अडलं.

“ह्यो आंधळा टाका कुनाचा गं?”

जन्मात कधी स्वतःची चूक कबूल न केलेली माझी आई म्हणाली, “माजा हाय, चाची. उसवते की.”

चाचींचं बोट ओळीच्या टोकाशी, गाठीपाशी पोचलं. तशी दुहेरी गाठ सोप्यात फक्त त्याच मारत. बोट तिथंच राहिलं. मग आम्ही त्यांच्या तोंडून कधीच न ऐकलेलं त्या बोलल्या.

“ऱ्हाऊ दे.” आणि लगेच, “पन तुज्या बाजूचा कोपरा उसव. लय ढिला हाय.”

आता चाची सुई धरत नाहीत. बोटानं तपासतात आणि पूर्वीइतकंच उसवायला लावतात, अशी आईची फोनवर रोजची तक्रार. सुट्टीला गेले की चाची माझ्या ओढणीचं टोक चाचपतात, मला ओळखतात आणि हळूच विचारतात, “तुज्या आयची ती वाकडी ओळ टिकून हाय न्हवं?”

“हाय की, चाची,” मी म्हणते.