आत्याने मिश्री सोडली

मिश्री मला आत्याने लावली. मी तेरा वर्षांची होते, दाढ ठणकत होती आणि रडून मी घर डोक्यावर घेतलं होतं. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली ती पूड तिने बोटावर घेतली आणि माझ्या हिरडीला चोळली. "लगेच थुकू नगंस. जरा दम धर." डोकं गरगरलं, ओकारी आली, पण दाढ गप्प झाली. दुसऱ्या दिवशी दाढ दुखत नसतानाही मी बोट पुढे केलं, तेव्हा ती हसली. कुणी रागावलं नाही. सोलापूरच्या आमच्या गल्लीत आई लावायची, शेजारणी लावायच्या. नळाला पाणी यायच्या आधी परसात बसायचं, सासवांच्या उखाळ्यापाखाळ्या काढायच्या आणि थुंकायचं. त्या मंडळात मला जागा मिळाली याचा मला केवढा तोरा होता!

आत्या मैंदर्गीला दिलेली. नवऱ्याने दुसरी केली तेव्हा ती आमच्याकडे परत आली आणि राहिली. बाई देवभक्त. आंघोळ करून गळ्यातल्या लिंगाची पूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट घ्यायची नाही. मिश्री मात्र पूजेच्याही आधी. श्रावणी सोमवारी निरंकार उपास असला तरी मिश्री चालायची, कारण ती खाण्यात धरलेलीच नव्हती. वडील तंबाखू खायचे, त्याला व्यसन म्हणायचे. बायका आपल्या दात घासायच्या. दिवसातून पाच वेळा घासायच्या, एवढंच. दुष्काळाच्या साली रेशनच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी कुणाच्या घशाखाली उतरत नव्हती. आत्या ती बाजूला सारून मिश्री लावून पडून राहायची. भूक मरते, म्हणायची.

मी कॉलेजात गेले त्या वर्षी तिला तिखट सोसेना. शेंगाचटणीचा घास घेतला की डोळ्यांत पाणी यायचं. मी तिला डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी बॅटरीच्या उजेडात तोंड पाहिलं. गालाच्या आत पांढरा चट्टा होता. "मिश्री आजपासून बंद. नाहीतर उद्या याचा कॅन्सर होईल. महिन्याने परत दाखवा," ते म्हणाले. घरी येईपर्यंत मी ठरवून टाकलं होतं, आम्ही दोघींनीही सोडायची आणि आईनेही घरात मिश्री ठेवायची नाही.

"माझ्या डोक्यावर हात ठेव आणि शपथ घे," मी म्हणाले.

तिने हात उचलला, माझ्या केसांपर्यंत आणला आणि मागे घेतला. मग तो गळ्यातल्या लिंगावर ठेवला. "ह्येच्यापुढं दुसरी शपथ हाय का? सोडली बघ." मला भरून आलं. माझ्या शब्दासाठी तिने देवाला साक्षी ठेवलं, असं वाटलं.

पुढचा महिना मी कसा काढला ते माझं मलाच ठाऊक. डोकं फुटायचं, पोट साफ व्हायचं नाही, येईल जाईल त्याच्यावर मी खेकसायचे. आत्याही कपाळाला फडकं बांधून कण्हायची. "लई तरास हाय गं पोरी, पर तू सोडलीस तर मी मागं हटायची न्हाई." आम्ही एकमेकींच्या कपाळाला तेल चोळायचो. दोनदा मी शेजारी मिश्री मागायला उठले आणि तिच्याकडे पाहून परत बसले. या वयात ती सोसते आणि मला जमू नये? महिन्याने माझी परीक्षा होती, म्हणून आई तिला दाखवायला घेऊन गेली. येऊन म्हणाली, "चट्टा गेला. झाक हाय म्हणाले." मी पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले.

आमच्या भिंतीला भिंत लागून एका तेलुगू विणकराचं घर होतं. त्याची बायको घरी विड्या वळायची आणि वळून उरलेला तंबाखूचा चुरा तिच्याकडे असायचा. शपथेनंतर दीड वर्षाने एका दुपारी मी कॉलेजातून लवकर आले. तिने दारातूनच हाक मारून कागदाची एक पुडी माझ्या हातात दिली. पुडी अजून गरम होती.

"आत्याला दे. आज जरा जास्त भाजली म्हणून सांग."

"कुणाच्या आत्याला?"

"तुझ्याच की. रोजचीच हाय." मग माझा चेहरा बघून तिने जीभ चावली.

रोजची. म्हणजे एक दिवससुद्धा सोडली नव्हती. घरात जाऊन मी पुडी आई आणि आत्यासमोर टाकली, तेव्हा सगळं बाहेर आलं. भाजताना खकाणा उठतो, घरभर ठसका लागतो, म्हणून भाजायचं काम शेजारी दिलं होतं. आईला माहीत होतं, वडिलांना माहीत होतं, अख्ख्या गल्लीला माहीत होतं. डॉक्टरांकडे त्या दोघी गेल्याच नव्हत्या. देवळात बसून परत आल्या होत्या. खुळी मी एकटीच. आणि तो मागे घेतलेला हात मला तेव्हा कळला. शपथ मोडणार हे घेतानाच तिला ठाऊक होतं. पाप माझ्या डोक्यावर नको, म्हणून तिने ते स्वतःवर ओढवून घेतलं होतं. हे कळून मला मायेचा पाझर वगैरे फुटला नाही. मला संताप आला. कपाळाला बांधलेलं ते फडकं, ते कण्हणं, सगळं नाटक होतं!

"तू सुटलीस न्हवं?" आत्या शांतपणे म्हणाली. "मीच लावली हुती तुला. तुझी सुटावी म्हनून केलं समदं."

"तिला दुसरं काय सुख हाय गं?" आई म्हणाली.

"आणि चट्टा?" मी विचारलं. आत्याने पदर तोंडाला लावला. "तोंड उघड."

ते दोन बोटांएवढंच उघडत होतं. आत चट्ट्याच्या जागी जखम होती. दीड वर्ष मी तिच्या शेजारी बसून जेवत होते, आणि ती भाकरी दुधात कुस्करून खाते ते वयामुळे, असं समजत होते. चट्टा गेला असं मला कुणी सांगितलं नसतं, तर मी रोज बघितलं असतं. माझी सुटली ते खरं, पण माझे डोळेही त्यांनीच बांधले.

दवाखान्यात नेलं. कॅन्सरच होता. किरणांचे शेक दिले. उपयोग झाला नाही. आता मागेल ते द्या, असं डॉक्टरांनी सांगितलं. एका दुपारी आई डबा आणायला घरी गेली होती आणि खाटेजवळ मी एकटीच होते. आत्याला बोलता येत नव्हतं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि उजव्या हाताचं बोट ओठांवरून आडवं फिरवलं. मग पुन्हा फिरवलं. पाच वर्षं तिच्या शेजारी बसून मिश्री लावलेल्या मला ती खूण कळली नसेल? उशाशी आईच्या पिशवीत पुडी होती, तेही मला माहीत होतं.

"पाणी हवंय?" मी विचारलं.

तिने नाही अशी मान हलवली आणि परत बोट फिरवलं. मी चमच्याने तिच्या ओठांना पाणी लावलं. ते हनुवटीवरून गळ्यावर ओघळलं. ती माझ्याकडे बघत राहिली. मला कळलंय, हे तिला कळलं होतं. मग तिने हात अंगावर ठेवला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

त्याच आठवड्यात ती गेली. अपाय होईल म्हणून दिली नाही, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. अपाय व्हायला उरलं काय होतं? मला फसवलं म्हणून मी सूड उगवला, आणि तोही जिला तोंड उघडता येत नव्हतं अशा बाईवर.