कोणत्या लालला थांबायचं

नांदेडात राहून बारा वर्षं झाली, तरी कोणत्या सिग्नलला थांबायचं हे मला कळत नाही. हदगावच्या एका ऑटोवाल्याला मात्र कळतं. माझी स्कूटर बिघडली की मी त्याच्या ऑटोनं ऑफिसला जातो. एका लाल दिव्याला तो इंजिन बंद करून बसतो आणि दुसऱ्याखालून कानातला अत्तराचा फाया नीट करत आरामात निघून जातो.

"हा खरा हाय सर. पुढला नुसता टांगलाय."

"तुम्हाला कसं कळतं?"

"लोकं पाहून. दिव्याकडं कोण पाहून राहिलं?"

मी खऱ्याला न थांबता जातो नि दंडाची पावती फाडून घेतो, टांगलेल्याला थांबतो नि शिव्या खातो.

मुलींच्या शाळेसमोरचा सिग्नल तर उन्हाळ्यापासून बंदच आहे. तिथं मात्र तो रोज थांबतो. मागे ट्रकसुद्धा गुपचूप उभे राहतात आणि मुली सायकली घेऊन पार होतात. त्याचा हा मान मला बघवत नाही.

काल मीही स्कूटरवर तिथं थांबलो. मागून हॉर्न सुरू झाले. "ओ काका, झोपले का?" म्हणत एकजण आरशाला घासून गेला. मुली पलीकडे उभ्याच राहिल्या.

तेवढ्यात त्याचा ऑटो शेजारी येऊन थांबला. हॉर्न बंद झाले. मुली निघाल्या, जाताना त्याच्याकडे बघून हसल्या. माझ्याकडे एकीनंही पाहिलं नाही.

तो माझ्याकडे वाकून हळूच म्हणाला, "गाडी बंद करा ना सर. तुम्ही थांबलेले वाटतच न्हाई."

मी खाली पाहिलं. माझी मूठ रेसवरच होती.