पहिली सुरी

औरंगपुऱ्याच्या भाजीबाजारात फुलंब्रीहून येणारा एक म्हातारा डांगरं, म्हणजे लाल भोपळे, विकायचा. नाव मी कधी विचारलं नाही. डांगर कानाशी धरून तो टिचकी मारायचा, उपरण्यानं पुसायचा आणि तान्हं लेकरू द्यावं तसं हातात द्यायचा. आमच्या फ्रिजवर बारा महिने एक डांगर ठाण मांडून बसलेलं असे. बाईनं अख्खं डांगर चिरू नये म्हणतात, म्हणून पहिली सुरी माझे यजमान लावायचे. मग भाजी, भरीत, घारगे माझ्याकडे.

ते गेल्यावर मी म्हाताऱ्याकडे पहिल्यांदाच नुसती फोड मागितली. त्यानं माझ्याकडे पाहिलं, काही न विचारता अख्खं डांगर उचललं आणि त्यात सुरी खुपसली.

"पहिली सुरी म्या लावली, ताई. आता बिनघोर चिरा."

"एकटीला एवढं? सडेल की!" मी चिडलेच.

"व्हय, चीर पडल्यावर टिकत नाय. म्हून आजच घारगे करा, अन् शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलवा."

मी तणतणतच घरी आले. संध्याकाळी ओट्याशी चार शेजारणी जमल्या. त्या डांगराला सडायला सवडच मिळाली नाही.