मधली पट्टी

मांडव गुंडाळताना मागचं टोक नेहमी मी धरायचे आणि पुढचं आमचे मालक.

पलटणीतून ड्रायव्हर म्हणून सुटून आल्यावर मालकांनी जीपच्या मागं ओढायचा एक राहायचा डबा आणला होता. आत दोन बाकं, एक ओटा, एक झोपायची फळी. फुलांच्या दिवसांत आणि थंडीत तो डबा साताऱ्याच्या वर पठाराकडं नेऊन लावायचा आणि पाहुण्यांना राहायला द्यायचा. पिठलं-भाकरी मी करायची, वाढायचं काम मालक करायचे. मला परक्या माणसांसमोर उभं राहायला जमत नाही.

डब्याच्या डाव्या अंगाला, दाराच्या वर, लांब नळीवर गुंडाळलेलं जाड कापड होतं. दोन घडीचे हात बाहेर ओढले की दारासमोर सावली पडायची. विकणाऱ्यानं त्याला काही इंग्रजी नाव सांगितलं होतं. आमच्या घरात मांडवच म्हणत.

डबा जुना, त्यामुळं मांडवाच्या हातांच्या खिट्ट्या झिजल्या होत्या. नुसत्या खिट्टीवर भरवसा ठेवून रस्त्याला लागलं की वारं आत शिरायचं. म्हणून मालक तीन पट्ट्या बांधायचे. बाजेला विणतात त्या निवारीच्या. दोन पट्ट्या दोन हातांना आणि तिसरी बरोबर मधे, गुंडाळीला आणि वरच्या कडीला मिळून. दोरी घसरते, निवार घसरत नाही. आणि वारं टोकाला धरत नाही, पोटाला धरतं, असं ते म्हणायचे. बांधून झालं की गुंडाळीवर तीन थापा मारायचे. मग निघाल्यावर पाच किलोमीटरवर गाडी थांबवून पुन्हा हात लावून बघायचे. पाऊस असो, उशीर झालेला असो, पाच किलोमीटरवर थांबायचंच. मला कंटाळा यायचा. पण मीही उतरायचे, मागचं टोक चाचपायचे आणि म्हणायचे, "हाय."

मग मालकांच्या घशात गाठ निघाली. मिरजेच्या दवाखान्यात सांगितलं की सात आठवडे लाईट घ्यावी लागेल, शनिवार-रविवार सोडून रोज. लाईट म्हणजे मशीनखाली झोपवून गळ्याला देतात ती. पहिला आठवडा त्यांना ठेवून घेतलं. पुढं म्हणाले, आता बाहेर राहा आणि रोज या. कोरेगावकडच्या आमच्या गावावरून रोज जाणं-येणं शक्यच नव्हतं. मालकांच्या पलटणीतल्या एका मित्राचा मिरजेबाहेर मोकळा प्लॉट होता. कडेला नळ होता. त्यांनी सांगितलं, डबा आणून लावा, कितीही दिवस राहा.

डॉक्टरांनी एक गोष्ट मला दोनदा सांगितली. गळ्याची कातडी भाजल्यासारखी होईल, तिला ऊन लागू देऊ नका. चैत्र लागला होता. दुपारी पत्र्याच्या डब्यात बसवत नाही, भट्टी होते. बाहेर बसायचं तर मांडवच पाहिजे. बाकी काही गेलं तरी चाललं असतं. मांडव धडपणी मिरजेला पोचायला पाहिजे होता.

डबा न्यायचा कुणी, तर थोरल्या दिरांनी.

थोरल्या दिरांशी मी सव्वीस वर्षांत समोरासमोर बोलले नव्हते. भांडण नव्हतं. लग्न होऊन आले तेव्हा धाकट्या भावाची बायको थोरल्या दिरासमोर पदर घेऊन बाजूला होते, बोलत नाही, तसं मी केलं आणि तसंच राहिलं. भावकीतल्या इतर घरांतून हे कधीच सुटलं. माझ्याकडून सुटलं नाही. त्यांचा चहा झाला की मी दाराची कडी वाजवायची. काही सांगायचं असेल तर मोठ्या जाऊबाई होत्याच.

त्या दिवशी सकाळी मी उठले तेव्हाच अंग दुखत होतं. आठवडाभर मिरजेला दवाखान्याच्या व्हरांड्यात झोपून आदल्या दिवशी गावी आले होते, पीठ, चटणी, मीठ, कपडे भरायला. मधली पट्टी मळली होती म्हणून रात्री धुऊन दोरीवर टाकली होती. सकाळी ती काढून माझ्या हातातल्या पिशवीत ठेवली. भांडी चढवून बाहेर आले तर दिरांनी मांडव बांधूनही टाकला होता. दोन्ही टोकांना निवार नुसती गुंडाळलेली आणि तिच्यावरून निळी नायलॉनची दोरी, आवळून गाठी मारलेली. मधे काही नव्हतं.

मालकांनी फोन केला होता. त्यांचा आवाज तोवर बसला होता, नुसता वारा आल्यासारखा यायचा. दीर फोनवर मोठ्यानं म्हणत होते, "आरं व्हय. आरं बांदलाय. आख्खा जन्म उसाचा ट्रेलर बांदतोय मी, आनि तू मला कापाड बांदायला शिकवतोस व्हय? पड तू गप."

मी पट्टी काढून जाऊबाईंपुढं धरली. "आक्का, ही मदली ऱ्हायलीय."

"बांदलंय की गं त्यांनी. दोन दोन गाटी मारल्यात," जाऊबाई म्हणाल्या. त्यांना गाडी लागते, म्हणून हातात लिंबू धरून त्या आधीच पुढं बसल्या होत्या. "आता उतराय लावू नगंस त्यास्नी. आधीच तापलंय डोस्कं. बस."

दिरांनी हॉर्न दिला. मी पट्टी पिशवीत ठेवली आणि मागं बसले. ती वेळ मी अजून विसरले नाही. चार पावलं चालून पट्टी त्यांच्या हातात द्यायची होती, तोंडानं काही बोलायचीसुद्धा गरज नव्हती.

पाच किलोमीटर झाले. मी मनात म्हटलं, आता थांबतील. थांबले नाहीत.

रहिमतपूर गेलं, पुसेसावळी गेली. जाऊबाईंनी उलटीची गोळी घेतली होती, त्या काचेला डोकं लावून घोरत होत्या. मी डाव्या खिडकीतून मान वळवून डब्याकडं बघत होते. मान अवघडली तरी बघत होते. पुढं विट्याच्या वाटेला मोकळा माळ लागला तशी गुंडाळीच्या मधोमध कापडाची एक बारीक कड सुटलेली दिसली. मग ती फुगली. बसली. परत फुगली. प्रत्येक वेळी जरा जास्त.

मी जाऊबाईंच्या खांद्याला हात लावला. त्या हलल्या नाहीत. चिमटा काढला. "उं," म्हणाल्या आणि तोंड पलीकडं केलं.

मी बांगड्या वाजवल्या.

दिरांनी आरशात बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. मी परत बांगड्या वाजवल्या आणि खोकले. त्यांचे कान लाल झाले. ते समोरच्या काचेला म्हणाले, "आगं उठ की. इचार तिला, काय पायजे." जाऊबाई घोरतच होत्या. थोडा वेळ गेला. मग ते अजून हळू आवाजात म्हणाले, "इट्याच्या अलीकडं पंप हाय. बायकांची सोय हाय तितं. धाच मिन्टं."

आणि त्यांनी गाडी पळवायला सुरुवात केली.

मला काय वाटलं ते लिहिता येत नाही. भल्या मनानं त्यांनी ते केलं. मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून ते जीव तोडून गाडी हाणत होते. आणि जेवढी गाडी पळत होती तेवढं मांडवाचं पोट फुगत होतं. मी पदर तोंडात धरून बसले होते. नायलॉनच्या दोरीची गाठ घसरत घसरत मांडवाच्या हाताच्या टोकाला आली आणि खालची निवार उलगडली. खिट्टी सुटली. पुढचा हात डब्यापासून वीतभर बाहेर आला.

तेवढ्यात मागून एक मोटारसायकल आली. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन. उजवीकडनं समोरून ट्रक येत होता, म्हणून तो माणूस डाव्या अंगानं, रस्ता सोडून साइडपट्टीवरून पुढं काढायला बघत होता. तो मांडवाच्या खालीच येणार होता.

"आवं! थांबवा! आवं, त्यो मानूस मरंल!"

माझा आवाज इतका मोठा असेल असं मला माहीत नव्हतं. दिरांनी ब्रेक दाबला. डबा मागून हिसकला. मांडवाचा हात फाडकन पुरा उघडला, कापड फाटत गेल्याचा लांब आवाज आला, आणि दुधाचा माणूस कचकन ब्रेक मारत मातीत घसरत डब्याच्या मागंच थांबला. पडला नाही.

जाऊबाई जाग्या झाल्या. "काय झालं? आलं व्हय मिरज?"

दुधाच्या माणसानं गाडी लावली आणि तरातरा आला. "वो काका, मानसं मारत फिरता काय? दूद सांडलं आसतं तर गेलं आसतं, पन म्या मेलो आसतो तर? घरात चार म्हशी हायत माज्या. त्यास्नी कोन बगनार, तुमी?" मांडवाचा पुढचा हात वाकून खाली लोंबत होता आणि पुढच्या कोपऱ्यापासून निम्म्यापर्यंत कापड फाटलं होतं. दीर त्या कापडाकडं बघत उभे होते. शेवटी तो माणूसच म्हणाला, "धरा, उचलू लागतो."

मी पिशवीतून पट्टी काढली.

"ही कुटं व्हती?" दिरांनी जाऊबाईंना विचारलं.

"माझ्या पिशवीत," मी म्हणाले.

कुणी रागावलं असतं तर बरं वाटलं असतं.

मग मी त्यांना सांगत गेले. हात घडी करून आत दाबा. कापड खालून नाही, वरून गुंडाळा. वर धरा. अजून वर. आता सोडू नका. ते ऐकत होते. वर बघत होते, माझ्याकडं नाही, आणि मीही त्यांच्या हातांशीच बोलत होते. मधली पट्टी कडीतून घेऊन मी आवळली, गाठ मारली. मालक मारतात तशा थापा मारायला मी हात उचलला आणि तसाच खाली घेतला.

गाडीत बसल्यावर जाऊबाई मागं वळल्या. "आनि काय गं, आवं म्हनलीस व्हय माज्या नवऱ्याला? सव्वीस वर्सं त्वांड उगडलं न्हाईस, आनि उगडलंस ते एकदम आवं?"

"गप बस की," दीर म्हणाले. मला हसू आलं नाही. त्या वेळी रडूही आलं नाही, इतकी मी दमले होते.

पुढं थोड्या अंतरावर गाडी कुणी न सांगताच थांबली. दीर इंजिन चालू ठेवून समोर बघत बसले. मला आधी कळलं नाही. मग मी उतरले, तिन्ही ठिकाणी हात लावून बघितला. परत येऊन बसले आणि म्हणाले, "हाय." तासगावच्या अलीकडं ते परत एकदा थांबले.

संध्याकाळी मालकांना दवाखान्यातून प्लॉटवर आणलं. आम्ही मांडव जेवढा उघडेल तेवढा उघडला होता. मागची बाजू सरळ होती. पुढचा वाकडा हात बांबूवर टेकवला होता आणि फाटलेलं कापड खाली लोंबत होतं. मालक खुर्चीवर बसले नाहीत. फाटलेल्या जागेपाशी गेले, कड बोटानं चाचपली आणि मधल्या कडीकडं बघितलं.

"मदली न्हवती?" ते म्हणाले. आवाज असा नव्हताच, ओठांवरून कळलं.

"चूक माजी हाय," दीर म्हणाले. "तू फोनवर सांगत हुतास, आनि मी थांबलो न्हाई."

मी डब्यात ओट्याशी, त्यांच्याकडं पाठ करून उभी होते. तसंच राहिले असते तर चाललं असतं. सगळ्यांनी तेच खरं धरलं असतं. मी वळून दारात आले. दिरांच्या समोर, मालकांकडं बघून म्हणाले, "न्हाई. पट्टी माज्याकडं व्हती. म्या बगितलं व्हतं मदी काय न्हाई ते. दिली न्हाई."

मालकांनी माझ्याकडं बघितलं. मग विचारलं, "कुनाला लागलं का?"

"न्हाई."

त्यांनी हातानं, झालं तर मग, असं केलं आणि खुर्ची सावलीच्या बाजूला ओढून घेतली.

दुसऱ्या दिवशी मी दाभण आणि सुतळी घेऊन फाटलेलं शिवलं. शिवण धरली, पण कापड ताणलं की टाक्यांच्या भोकांतून ऊन यायचं आणि कडेला एक फट राहायची ती राहिलीच. दुपारी दोनच्या पुढं त्या फटीतलं ऊन सरकत सरकत खुर्चीवर यायचं. मालक लाईट घेऊन आले की गळून झोपायचे, बसल्या जागी मान टाकायचे. गळा लाल, मग काळा पडला. मी समोर बसून त्या उन्हाच्या पट्ट्यावर लक्ष ठेवायचे. तो खांद्यावर आला की खुर्ची वीतभर सरकवायची. परत आला की परत सरकवायची. त्यांना जाग न येऊ देता जड खुर्ची कशी सरकवायची ते मी तेव्हा शिकले. डोळा लागू नये म्हणून मी स्वतः उन्हात बसायचे. एकदा तरीही लागला. उठले तेव्हा ऊन त्यांच्या गळ्यावर होतं. किती वेळ होतं कुणाला ठाऊक. त्या रात्री त्यांना पाणीही गिळवलं नाही. ऊन लागलं म्हणून, की व्हायचंच होतं म्हणून, ते मी डॉक्टरांना विचारलं नाही. विचारायला तोंड उघडलं होतं, पण मागं लाईन मोठी होती.

लाईट संपल्या. जेवण थोडं थोडं जायला लागलं. पाऊस पडायच्या आधी दीर न्यायला आले.

मालकांना जीपमध्ये पुढं बसवलं. दिरांनी मांडव गुंडाळताना पुढचं टोक धरलं, मी मागचं. त्यांनी दोन्ही हातांना निवार बांधली. या वेळी नायलॉन आणलंच नव्हतं. मग ते मधे आले, कडी धरून उभे राहिले आणि वाट बघत राहिले. मी पट्टी ओवली, आवळली.

"निगायचं का?" ते डब्याला म्हणाले.

"पाच किलोमीटरवर थांबा," मी म्हणाले.

"व्हय."

थांबले. मालक झोपले होते. मी हळूच दार लावून उतरले, पुढं, मधे, मागं हात लावून बघितला आणि परत येऊन बसले.